पाळीव गोगलगाय : आरोग्यविषयक धोके व स्वच्छता

पाळीव गोगलगायींच्या सहवासातून माणसाला होऊ शकणारे विकार आणि ते टाळण्यासाठी घ्यावयाची काळजी हा विषय प्राणिपालन आणि सार्वजनिक आरोग्य या दोन्हींशी निगडित आहे. गोगलगाय आवाज करीत नाही, तिला जागा व अन्न थोडे लागते आणि तिची निगा राखणे सोपे असते. त्यामुळे ब्रिटन, जर्मनी इत्यादी देशांत घरांत आणि शाळांच्या वर्गांत ती आवडीने पाळली जाते. मत्स्यालयांतील गोड्या पाण्याच्या गोगलगायी तर भारतासह जगभर आढळतात. मात्र गोगलगाय अनेक परजीवी कृमींची मध्यस्थ पोषक असते आणि तिच्या अंगावर व विष्ठेत रोगकारक जीवाणू असू शकतात. प्रत्यक्ष धोका किती, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : गोगलगाय कोठून आली, तिच्या खाण्यात काय आले आणि तिला हाताळणाऱ्याचे न धुतलेले हात तोंडापर्यंत पोहोचतात की नाही.

पाळल्या जाणाऱ्या प्रजाती

गोगलगायींचा समावेश मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गात होतो. शरीराची खालची बाजू हाच त्यांचा पाय असल्याने या वर्गाला हे नाव मिळाले. मराठीतील ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण वरून गरीब दिसणाऱ्या पण आतून कावेबाज असलेल्या माणसाला उद्देशून वापरली जाते, तरी तिच्यातील शरीरवर्णन शास्त्रीय संज्ञेशी जुळणारे आहे.

जमिनीवरील गोगलगायींपैकी राक्षसी आफ्रिकी गोगलगाय सर्वाधिक पाळली जाते. तिचे शास्त्रीय नाव लिसॅकॅटिना फुलिका असे असून पूर्वी ती अॅकॅटिना फुलिका या नावाने ओळखली जात असे. मूळची पूर्व आफ्रिकेतील ही प्रजाती पूर्ण वाढल्यावर क्वचित २० सेंमी. लांबीपर्यंत पोहोचते. पश्चिम आफ्रिकेतील अॅकॅटिना अॅकॅटिना आणि युरोपातील बागांमध्ये आढळणारी कॉर्नू अॅस्पर्सम या प्रजातीही पाळल्या जातात. मत्स्यालयात प्रामुख्याने अॅपल स्नेल, मिस्ट्री स्नेल आणि रॅम्सहॉर्न या नावांनी विकल्या जाणाऱ्या गोगलगायी असतात.

संसर्गाचे मार्ग

गोगलगायीपासून होणारा संसर्ग बहुतांशी तोंडावाटे होतो. ती सरपटताना श्लेष्म म्हणजे बुळबुळीत स्राव सोडते. हा स्राव हाताला, कपड्यांना व पेटीच्या भिंतींना चिकटून राहतो आणि त्याच्याबरोबर विष्ठेचे व मातीचे सूक्ष्म कणही चिकटतात. हात न धुता जेवणे, नखे खाणे, डोळे चोळणे, गोगलगाय चेहऱ्यावर चालू देणे किंवा तिचे चुंबन घेणे यांमुळे हे कण तोंडात वा डोळ्यांत जाऊ शकतात. स्वयंपाकघरातील मोरीत पेटी धुतल्यास भांडी व भाजीपाला दूषित होण्याचा संभव असतो. गोड्या पाण्यातील काही पर्णकृमींची डिंभके मात्र पाण्यातून थेट त्वचेत शिरतात.

अखंड, निरोगी त्वचेवरून गोगलगाय चालली एवढ्याने सहसा काही होत नाही. जखम, चिरा किंवा इसब असलेल्या त्वचेशी तिचा संपर्क टाळणे इष्ट असते.

उंदराचा फुप्फुसकृमी

जमिनीवरील गोगलगायींशी संबंधित सर्वांत गंभीर विकार अँजिओस्ट्राँजिलस कँटोनेन्सिस या गोलकृमीमुळे होतो. चीनमधील कँटन, म्हणजे आजच्या ग्वांगजौ येथील उंदरांमध्ये आढळलेल्या या कृमीचे वर्णन १९३५ साली प्रसिद्ध झाले. माणसातील पहिल्या रुग्णाची नोंद १९४५ मध्ये तैवानमधून झाली.

जीवनचक्र : या कृमीचे प्रौढ उंदराच्या फुप्फुस-रोहिणीत राहतात. त्यांच्या अंड्यांतून फुप्फुसात बाहेर पडलेली डिंभके श्वासनलिकेतून घशात येतात, गिळली जातात आणि उंदराच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ही विष्ठा गोगलगायीने खाल्ली की डिंभके तिच्या मांसल पादात व इतर ऊतींत सुमारे दोन ते तीन आठवड्यांत वाढून संसर्गक्षम होतात. अशी गोगलगाय उंदराने खाल्ली की डिंभके प्रथम त्याच्या मेंदूकडे व तेथून पुन्हा फुप्फुसाकडे जातात आणि चक्र पूर्ण होते.

माणूस या चक्रात अपघाताने येतो. कच्ची वा अर्धवट शिजलेली गोगलगाय खाल्ल्याने, पालेभाजीत दडलेली लहान गोगलगाय नकळत पोटात गेल्याने किंवा संसर्ग झालेले खेकडे, झिंगे, बेडूक इत्यादी कच्चे खाल्ल्याने डिंभके शरीरात शिरतात. भारतात दक्षिणेकडील काही रुग्णांत कच्चे घोरपडीचे मांस खाल्ल्याचा इतिहास आढळला आहे. माणसाच्या शरीरात डिंभके मेंदू व त्याच्या आवरणांपर्यंत पोहोचतात, पण पुढे वाढू न शकल्याने तेथेच मरतात. त्यांच्याविरुद्ध शरीराने दिलेल्या प्रतिसादातून मस्तिष्कावरणशोथ उद्भवतो. यात मस्तिष्कमेरुद्रवात इओसिनरागी पांढऱ्या पेशींचे प्रमाण वाढलेले आढळते. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही.

लक्षणे : संसर्गानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत लक्षणे दिसू लागतात. तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, मळमळ, उलट्या, सौम्य ताप, थकवा तसेच त्वचेवर मुंग्या, जळजळ किंवा नुसत्या स्पर्शानेही वेदना ही प्रमुख लक्षणे होत. अनेक रुग्ण काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात. संसर्ग मोठा असल्यास मात्र अर्धांगवायू, बेशुद्धी, कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू ओढवू शकतो.

नोंदलेल्या घटना : २००६ मध्ये बीजिंग येथे एका उपाहारगृहात अर्धवट शिजलेल्या अॅपल स्नेलचे पदार्थ खाल्ल्याने शंभराहून अधिक लोकांना हा आजार झाला. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये सिडनीतील एका तरुणाने मित्रांच्या चिथावणीवरून शंखविरहित गोगलगाय गिळली. त्यानंतर तो दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत होता, नंतर त्याचे हातपाय निकामी झाले आणि २०१८ मध्ये त्याचा मृत्यू झाला. या दोन्ही घटनांत गोगलगाय प्रत्यक्ष पोटात गेली होती. नुसत्या हाताळण्यातून होणारा धोका त्या मानाने पुष्कळ कमी असतो. श्लेष्मात डिंभके असलीच तर थोडी असतात; पण हात न धुता तोंडाला लावल्यास ती पोटात जाण्याची शक्यता उरते.

पाळीव गोगलगायीतील शक्यता : गोगलगायीला हा संसर्ग उंदराच्या विष्ठेतून होत असल्याने, उंदरांचा शिरकाव नसलेल्या बंदिस्त जागेत अंड्यापासून वाढविलेल्या गोगलगायीत तो असण्याची शक्यता फार कमी असते. शेतातून, बागेतून किंवा पावसाळ्यात भिंतीवरून उचलून आणलेल्या गोगलगायीबद्दल असे म्हणता येत नाही. संसर्ग झालेली गोगलगाय दिसायला व वागायला निरोगीच असते. त्यामुळे केवळ पाहून निदान करता येत नाही.

जीवाणुजन्य विकार

गोगलगायीच्या विष्ठेत, श्लेष्मात व पेटीतील मातीत साल्मोनेला, एश्चेरिकिया कोलाय व एरोमोनास यांसारखे जीवाणू असू शकतात. त्यांच्यामुळे गोगलगायीला त्रास होत असल्याचे सहसा दिसत नाही. साल्मोनेलाच्या संसर्गात जुलाब, पोटात कळा, ताप व उलट्या ही लक्षणे काही तासांपासून सहा दिवसांपर्यंतच्या अवधीत दिसतात आणि बहुधा आठवड्याभरात ओसरतात. लहान मुलांत व वृद्धांत शरीरातील पाणी कमी होऊन प्रकृती गंभीर होऊ शकते. बंदिस्त जागेत वाढविलेल्या गोगलगायीत फुप्फुसकृमीचा धोका कमी असला, तरी जीवाणूंबाबत ती सवलत नसते. म्हणून हात धुण्याचा नियम प्रत्येक गोगलगायीला लागू होतो.

गोड्या पाण्यातील गोगलगायी व पर्णकृमी

शिस्टोसोमा वंशातील पर्णकृमींमुळे होणारा शिस्टोसोमियासिस हा आजार आफ्रिका, दक्षिण अमेरिका व आशियाच्या काही भागांत आढळतो. बायोम्फेलेरिया, ब्युलिनस व ऑन्कोमेलॅनिया या वंशांतील गोगलगायी त्याच्या मध्यस्थ पोषक आहेत. रुग्णाच्या मलमूत्रातून पाण्यात गेलेली अंडी फुटतात, त्यांतील डिंभके गोगलगायीत शिरून वाढतात आणि पुढे तिच्यातून बाहेर पडलेली शेपटीयुक्त डिंभके पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून आत जातात. दुकानातून आणलेल्या व मत्स्यालयातच वाढलेल्या गोगलगायींचा मानवी मलमूत्राशी संबंध येत नसल्याने त्यांच्यापासून हा आजार होण्याची शक्यता नगण्य असते.

भारतात माणसातील शिस्टोसोमियासिस दुर्मिळ आहे. त्याचे ज्ञात केंद्र महाराष्ट्रात, रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी आढळले व त्याचे वृत्त १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील रुग्णांच्या लघवीत कृमींची अंडी सापडली होती. पुढील अभ्यासांत फेरिसिया टेन्युइस या लहान गोगलगायीचा या प्रसाराशी संबंध जोडला गेला.

पक्ष्यांवर व गुरांवर जगणाऱ्या काही पर्णकृमींची डिंभके माणसाच्या त्वचेत शिरतात, पण पुढे वाढू शकत नाहीत. त्यामुळे तळ्यात वा भातखाचरात उतरलेल्यांच्या पायांना खाज सुटून पुरळ येते. ओढ्यातून किंवा तळ्यातून गोगलगायी गोळा करून मत्स्यालयात सोडल्यास त्यांच्याबरोबर अशी डिंभके येऊ शकतात. लिम्निया वंशातील गोगलगायी गुरांच्या व मेंढ्यांच्या यकृतातील पर्णकृमीच्या वाहक आहेत.

अॅलर्जी

घरातील धुळीतल्या सूक्ष्म माइटची अॅलर्जी असलेल्या काही व्यक्तींना गोगलगाय खाल्ल्यास दमा उद्भवतो. दोन्ही प्राण्यांतील काही प्रथिने परस्परांशी साम्य असलेली असल्याने असे घडते. दमा असलेल्या व्यक्तींना पेटीतील ओल्या मातीवर वाढणाऱ्या बुरशीचाही त्रास होऊ शकतो. गोगलगायींच्या अंगावर दिसणारे पांढरे माइट हे त्यांचेच परजीवी असून माणसावर जगत नाहीत.

अधिक धोका असलेल्या व्यक्ती

पाच वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि रोगप्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्ती, उदाहरणार्थ कर्करोगावर उपचार घेणारे, अवयवरोपण झालेले किंवा एचआयव्हीबाधित रुग्ण, यांना संसर्गाचा धोका अधिक असतो. लहान मुले हाती येईल ती वस्तू तोंडात घालतात. त्यामुळे त्यांनी मोठ्यांच्या देखरेखीशिवाय गोगलगाय हाताळू नये, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते.

स्वच्छतेचे नियम

हात : गोगलगायीला, तिच्या पेटीला, मातीला किंवा खाण्याच्या भांड्याला हात लावल्यानंतर साबणाने व वाहत्या पाण्याखाली किमान २० सेकंद हात धुवावेत. श्लेष्म केवळ पाण्याने सहज निघत नाही. तो आधी कागदाने पुसून मग साबण लावल्यास लवकर जातो. नखांखालची जागा व बोटांच्या बेचक्या विसरू नयेत. जंतुनाशक जेल हे हात धुण्याला पर्याय नव्हे, कारण चिकट स्राव व माती यांच्या थरावर त्याचा परिणाम कमी होतो. उचलण्यापूर्वीही हात साध्या पाण्याने धुऊन ओले ठेवावेत. हातावरील मीठ, अत्तर किंवा मलम गोगलगायीच्या ओलसर त्वचेला अपायकारक ठरते.

जागा : पेटी स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर किंवा अंथरुणाजवळ ठेवू नये. झाकण घट्ट बसणारे व हवेसाठी बारीक छिद्रे असलेले असावे. झाकणामुळे गोगलगाय आत राहते आणि उंदीर बाहेर राहतात. यांतील दुसरे कारण आरोग्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

पेटीची सफाई : विष्ठा व उरलेले अन्न रोज काढावे. तळाशी घातलेली माती किंवा कोकोपीट ठरावीक काळाने पूर्ण बदलावे. पेटी धुण्यासाठी स्वतंत्र घासणी व बादली ठेवावी. ते पाणी न्हाणीघरातील मोरीत किंवा शौचालयात ओतावे व नंतर ती जागा जंतुनाशकाने धुवावी. पेटीला जंतुनाशक वापरल्यास ती भरपूर पाण्याने खळबळून व पूर्ण वाळवूनच गोगलगायी परत ठेवाव्यात. सफाई करताना हातमोजे वापरावेत. मोजे काढल्यावरही हात धुणे आवश्यक असते.

आहार : कोबी, काकडी, दुधी, गाजर इत्यादी भाज्या धुऊन द्याव्यात. शेतातून किंवा रस्त्याकडेने तोडलेल्या पाल्यावर उंदरांची विष्ठा, लहान गोगलगायी किंवा कीटकनाशकांचे अंश असू शकतात. शंखाच्या वाढीसाठी लागणारे कॅल्शियम समुद्रफेन किंवा उकळून वाळवलेल्या अंड्याच्या टरफलाची पूड यांतून मिळते. कच्च्या टरफलातून साल्मोनेला पेटीत येऊ शकतो.

मत्स्यालय : पाणी बदलताना नळी तोंडाने ओढू नये. हाताला जखम असल्यास पाण्यात हात घालणे टाळावे किंवा लांब हातमोजे वापरावेत.

अंडी व मृत गोगलगायी : राक्षसी आफ्रिकी गोगलगाय एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालू शकते. नको असलेली अंडी तशीच कचऱ्यात टाकल्यास त्यांतून पिल्ले बाहेर पडतात. म्हणून ती फुटकळ न टाकता बंद पिशवीत घालून किमान २४ तास गोठवावीत. मृत गोगलगाय त्वरित हातमोज्यांनी उचलून बंद पिशवीत टाकावी. पाण्यात बुडून मेलेल्या गोगलगायीच्या शरीरातून कृमींची डिंभके पाण्यात उतरू शकतात. त्यामुळे असे पाणी झाडांना, विशेषतः कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना घालू नये. तीन ते पाच मिनिटे उकळल्याने किंवा उणे १५ अंश से. तापमानात २४ तास गोठवल्याने फुप्फुसकृमीची डिंभके मरतात.

घरातील इतर प्राणी

कुत्र्यांनाही उंदराच्या फुप्फुसकृमीची बाधा होते व त्यात मागील पाय लुळे पडू शकतात. युरोपात अँजिओस्ट्राँजिलस व्हेसोरम हा कुत्र्यांचा स्वतंत्र फुप्फुसकृमी गोगलगायींमार्फत पसरतो. कुत्रे किंवा मांजर पेटी चाटणार नाही व सांडलेली माती खाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. शेतात गोगलगायींसाठी टाकले जाणारे मेटाल्डिहाइडयुक्त गोळीआमिष कुत्र्यांना विषारी असते.

मोकळे सोडण्याचे परिणाम

कंटाळा आल्यावर किंवा पिल्ले फार झाल्यावर गोगलगायी बागेत सोडून देण्याची प्रवृत्ती आढळते. १९६६ मध्ये हवाईहून परतलेल्या एका मुलाने अमेरिकेतील मायामी येथे तीन राक्षसी आफ्रिकी गोगलगायी आणल्या व त्याच्या आजीने त्या बागेत सोडल्या. पुढील काही वर्षांत तेथे १८,००० हून अधिक गोगलगायी सापडल्या. त्यांच्या निर्मूलनाला १९७५ साल उजाडले आणि दहा लाख डॉलरहून अधिक खर्च आला. २०११ मध्ये त्याच परिसरात त्या पुन्हा आढळल्या. अमेरिकेत ही प्रजाती परवान्याशिवाय आणणे व बाळगणे बेकायदेशीर आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जगातील १०० सर्वाधिक उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचा समावेश आहे. हा प्रश्न केवळ पिकांचा नाही. मोकळी सुटलेली गोगलगाय उंदरांच्या संपर्कात येते आणि घरात नसलेला कृमी तिच्या पुढच्या पिढ्यांत शिरू शकतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारतात ही गोगलगाय १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली व तेथील एका बागेत सोडलेल्या जोडीपासून पसरली, असे मानले जाते. महाराष्ट्रात ती शंखी गोगलगाय या नावाने ओळखली जाते. २०२२ च्या खरीप हंगामात लातूर, बीड व धाराशिव या जिल्ह्यांत तिने सोयाबीनची कोवळी रोपे खाऊन मोठे नुकसान केले. अशा वेळी शेतकरी संध्याकाळी वा पहाटे गोगलगायी वेचून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधावर पसरून त्यांखाली जमलेल्या गोगलगायीही गोळा केल्या जातात. हे काम उघड्या हातांनी करणे व त्याच हातांनी पाणी पिणे, तंबाखू मळणे किंवा भाकरी खाणे हा संसर्गाचा सरळ मार्ग ठरू शकतो. शेतातील गोगलगायींचा उंदरांशी संबंध रोजचाच असल्याने पाळीव गोगलगायीपेक्षा तेथे खबरदारीची गरज अधिक असते. वेचलेल्या गोगलगायी मुलांना खेळायला किंवा पाळायला देऊ नयेत. मेलेल्या गोगलगायी विहीर, ओढा व जनावरांच्या पाणवठ्यापासून दूर, खोल खड्ड्यात चुन्यासह पुरल्या जातात.

संसर्गाची शंका आल्यास

मुलाने गोगलगाय किंवा तिचा तुकडा गिळल्याचे लक्षात आल्यास लक्षणांची वाट न पाहता वैद्यकीय सल्ला घ्यावा. गोगलगाय कोणत्या प्रकारची होती, कोठून आली होती व संपर्क कोणत्या तारखेला आला, ही माहिती डॉक्टरांना देणे फार उपयुक्त ठरते. डोकेदुखी व ताप यांची कारणे असंख्य असतात आणि विचारल्याशिवाय गोगलगायीचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. निदानासाठी पाठीच्या कण्यातून मस्तिष्कमेरुद्रव काढून तपासला जातो. हा द्रव काढल्याने मेंदूवरील दाब कमी होऊन डोकेदुखीलाही उतार पडतो. उपचारांत वेदनाशामके व दाह कमी करणारी स्टेरॉइड औषधे दिली जातात. मेंदूत पोहोचलेले कृमी एकदम मेल्यास दाह वाढण्याची भीती असल्याने कृमिनाशकांचा वापर वैद्यकीय देखरेखीखालीच केला जातो. दुकानातून जंताचे औषध आणून स्वतःहून घेणे त्यामुळे धोक्याचे ठरते. जुलाब व ताप असल्यास जलसंजीवनी द्यावी. रक्तमिश्रित जुलाब, सतत उलट्या किंवा गुंगी असल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे.